गण-गवळण तीच, वग कुठाय?

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकन कंपनी आणि पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावची यात्रा कमिटी यांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे : वर्ष कोरडं जाऊ द्यायचं नाही. कमिटी चैत्रात पावतीपुस्तक काढते, कंपनी सप्टेंबरात फुटबॉलचा नवा गेम काढते. पाऊस झाला का, कांद्याला भाव मिळाला का, मागच्या वर्षीचा हिशेब लागला का, याच्याशी दोघांनाही देणंघेणं नसतं. फरक इतकाच, की कमिटीवाल्यांना वर्गणी मागायला घरी यावं लागतं. कंपनीने त्यासाठी आमच्या घरातच माणूस बसवलाय. तो माझा पुतण्या.

पुतण्याचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी घेतलेला आहे. अभ्यासाला भारी ग्राफिक्स कार्ड लागतं, हे त्याने दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, इतक्या गंभीर चेहऱ्याने पटवलं होतं की दादांनी दुकानदाराला, ‘त्यातल्या त्यात जास्त अभ्यासाचं द्या,’ असं सांगितलं. आता व्होल्टेज कमी असलं की गोठ्यातलं दूध काढायचं मशीन आणि हे कार्ड यातलं एकच काहीतरी चालतं. बहुतेकदा गाई थांबतात.

दर सप्टेंबरात आमच्या ओट्यावर एक संवाद होतो.

“पप्पा, नवीन आलाय.”

“मागच्या साली घेतलेला मोडला का?”

“मोडला नाही. जुना झाला.”

“आरं, मागच्याच पितरांना तर घेतला!”

दादा कुठल्याही रकमेचं आधी दुधात रूपांतर करतात आणि मग बोलतात. लिटरला तीस रुपये धरले तर साडेचार हजारांचा गेम दीडशे लिटरला पडतो. दीडशे लिटर हा आकडा तोंडातून बाहेर पडला की गोठ्यातल्या गाईसुद्धा मान वळवून बघतात, असा मला भास होतो.

“बरं, यात नवीन काय आहे?”

“एम्बापे रियल माद्रिदला गेला.”

“गेला तर जाऊ दे. त्याच्या बदलीचा खर्च आपण का द्यायचा?”

युरोपातल्या मोठमोठ्या समीक्षकांनी या गेमवर पानंच्या पानं लिहिली आहेत, पण मुद्दा इतक्या कमी शब्दांत कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

हा फुटबॉलचा गेम पहिल्यांदा आला १९९३च्या डिसेंबरात. तेव्हापासून तो दरवर्षी येतोय. तीस वर्षं त्याचं नाव फिफा होतं. मग फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना आणि कंपनी यांचं पैशावरून बिनसलं, २०२२मध्ये काडीमोड झाला आणि २०२३पासून त्याच गेमला ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ म्हणू लागले. आमच्या जिल्ह्याचं नावही याच सुमारास अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. माणसं अजून ‘नगरला चाललो’ म्हणतात आणि पोरं अजून ‘फिफा खेळतो’ म्हणतात. जिभेची आवृत्ती दरवर्षी निघत नाही.

दरवर्षी काढायचं म्हटल्यावर दरवर्षी सुचणार काय? निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रासाठी कंपनीने काही वर्षं सरळ ‘लेगसी एडिशन’ काढली : खेळ मागचाच, खेळाडूंची यादी आणि कपडे तेवढे ताजे. २०२०मध्ये आयजीएन या नावाजलेल्या परीक्षणसंस्थेने याला फार शोभेल असं उत्तर दिलं. त्यांनी आदल्या वर्षीचंच परीक्षण पुन्हा छापलं आणि दहापैकी दोन गुण देऊन टाकले. गेम तोच असेल तर परीक्षण नवं कशाला लिहायचं? मास्तरांनी निबंधाचा तोच विषय दिला की आम्हीही मागच्या वर्षीची वही काढायचो. पण आम्हाला त्याबद्दल छड्या मिळायच्या, हे वेगळं.

जपानच्या कोनामी कंपनीची तऱ्हा याहून सरळ. त्यांचा ‘पेस’ हा गेम फिफाचा जुना भाऊबंद. २०२०मध्ये त्यांनी सांगून टाकलं, की यंदा पूर्ण नवा गेम नाही. याला ‘सीझन अपडेट’ म्हणा, किंमतही कमी ठेवतो. इतका सरळ व्यवहार बघून आम्ही भारावून गेलो. पण पुढच्या वर्षी त्यांनी सगळंच नव्याने, ‘ईफुटबॉल’ या नावाने आणलं आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर त्या वेळपर्यंतच्या सगळ्यात वाईट शेऱ्यांचा मान मिळवला. म्हणजे जुनं देऊन शिव्या खाणारा एक आणि नवं देऊन खाणारा एक. भाऊबंदकीत असंच असतं. एकाचा बांध सरळ नसतो, दुसऱ्याची विहीर.

पण कंपन्या दरवर्षी गेम का काढतात, याचं खरं कारण खेळात नाहीच, पत्त्यांत आहे. फिफात ‘अल्टिमेट टीम’ म्हणून प्रकार आहे. खेळाडूंचे पत्ते जमवायचे, बंद पाकिटं विकत घ्यायची, पाकिटातून काय निघेल ते नशीब. २०२१च्या आर्थिक वर्षात या प्रकारातून कंपनीने सुमारे १६२ कोटी डॉलर कमावले. पाकिटं, गेम नव्हे. आमच्या लहानपणी कुस्तीवाल्यांचे पत्ते मिळायचे : रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. एकदा अंडरटेकर हाती लागला की तो जन्मभर तुमचा. माझ्या ट्रंकेत तो अजून त्याच रँकवर आहे. खरा अंडरटेकर २०२०मध्ये निवृत्त झाला, माझ्याकडचा झाला नाही.

पुतण्याचं तसं नाही. वर्षभर रात्री जागून तो जो संघ जमवतो, तो नव्या गेममध्ये येत नाही. सप्टेंबर आला की पुन्हा शून्यापासून. हे ऐकल्यावर दादा पहिल्यांदाच त्या गेमकडे कौतुकाने बघायला लागले. म्हणाले, “सातबारा कोरा करा, सातबारा कोरा करा म्हणून आमचा जन्म गेला. यांचा दरवर्षी होतोय की!” मी त्यांना समजावलं, की यात कर्ज माफ होत नाही, जमीन जाते. मग ते गप्प झाले. योजनेचा शासन निर्णय वाचल्यावर ते असेच गप्प होतात.

आता उलटी गोष्ट सांगतो. याच कंपनीने क्रिकेटचाही गेम काढला होता. ‘क्रिकेट ०७’. २००६च्या नोव्हेंबरात आला, वेष्टनावर अँड्र्यू फ्लिंटॉफ, कानात रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचं समालोचन. भारतीय संघाचा परवाना कंपनीकडे नव्हता, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं अशी काही मोडूनतोडून आली होती, की रेशनकार्डावर नाव चुकलेल्या माणसाला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटावी. त्यानंतर कंपनीने क्रिकेटकडे पाठ फिरवली ती कायमचीच. पुढचा भाग नाही, सुधारित आवृत्ती नाही, काही नाही.

आणि हाच गेम टिकला! तेव्हा तालुक्याच्या गावी जो तो एमएस-सीआयटी करत होता. क्लासच्या कॉम्प्युटरवर ‘टॅली’ नावाचा एक फोल्डर असायचा. तो उघडला की हिशेबाऐवजी लॉर्ड्सचं मैदान निघायचं. सरांनाही ते ठाऊक होतं, कारण सरांचं शतक त्यातच जतन केलेलं असायचं. कीबोर्डवरची फटके मारायची तेवढी अक्षरं पुसली गेली होती आणि त्यामुळे टायपिंगच्या परीक्षेत आमच्या गावाची सगळी पोरं ठरावीक अक्षरांवर अडखळायची.

कंपनीने पुढचा भाग काढला नाही, तर लोकांनीच काढायला सुरुवात केली. गेम आला तेव्हा आयपीएल नव्हती, ती २००८मध्ये सुरू झाली. विराट कोहली भारताकडून पहिला सामना खेळला तोही २००८मध्ये. तरी दोघे या गेममध्ये आहेत, कारण कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी पोराने रात्री बसून ते घातले. ‘पॅच’ म्हणतात त्याला. नवी जर्सी, नवी मैदानं, नवे चेहरे, दर हंगामाला ताजे आणि फुकट. माझा पुतण्या आणि हा गेम जवळजवळ एकाच वयाचे. पुतण्या त्याला ‘लेजंड’ म्हणतो. मला तो ‘जुन्या काळातले’ म्हणतो.

क्रिकेटचं मोबाइलवरचं राज्य आपल्याच लोकांनी सांभाळलं. ‘रियल क्रिकेट’चे आकडे १७, १८, १९, २० असे एसटीच्या थांब्यांसारखे न चुकता आले, मग २२, मग २४. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हने मात्र ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’चा दुसरा भाग २०१५ला काढला आणि तिसरा थेट २०२०ला. पोरं दोन्ही खेळली. म्हणजे दरवर्षी आल्याने माणूस कंटाळतोच असंही नाही आणि उशिरा आल्याने विसरतोच असंही नाही. मग कंटाळा येतो तरी कशाचा?

याचं उत्तर मला आमच्या यात्रेत मिळालं. आमच्या यात्रेची पत्रिका माझ्या आजोबांच्या काळापासून तीच आहे. पहाटे देवाला अभिषेक, दिवसभर शेरणी, रात्री पालखी आणि छबिना, मग लोकनाट्य तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी कलावंतांच्या हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा हगामा, सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी आणि शेवट मोठ्या इनामाच्या कुस्तीने. निघोजला मळगंगेच्या यात्रेला जा, पौषात पिंपळगाव रोठ्याला कोरठणच्या खंडोबाला जा, क्रम थोडा इकडेतिकडे, पण जातकुळी हीच. यात वर्षानुवर्षं काडीचा बदल नाही. तरी मुंबईला कामाला गेलेला पारनेरकर साहेबापुढे हात जोडून, नाहीतर आजी दुसऱ्यांदा वारून रजा काढतो आणि येतो. ‘मागच्या वर्षी बघितली की,’ असं म्हणून कुणी घरी बसलेलं ऐकिवात नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास शेजारी नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या कमिट्या तिथे सुपारी द्यायला जातात. एकदा मीही कमिटीबरोबर गेलो होतो. आमच्या अध्यक्षांनी फडमालकाला दोनच प्रश्न विचारले. पहिला, ‘बिदागी किती?’ आणि दुसरा, ‘वग कोणता?’ गण कोणता, गवळण कोणती, हे विचारलंच नाही. गणात गणपती येणार, गवळणी मथुरेच्या बाजाराला निघणार, मावशी लचकणार, कृष्ण वाट अडवणार, हे ठरलेलंच. कृष्णाने यंदा वाट अडवलीच नाही तर लोक वर्गणीचे पैसे परत मागतील. पण वग मात्र नवा पाहिजे. मागच्या साली शेजारच्या गावात झालेला वग पुन्हा लावला, तर पहिल्या दहा मिनिटांत मागून खडे यायला लागतात.

गेमच्या कंपन्यांना एवढंच कळत नाही. लोकांना तीच गवळण दरवर्षी चालते. त्यांना मागच्या वर्षीचाच वग नव्या पोस्टरवर नको असतो. फिफात चेंडू गोल राहिला, मैदान हिरवं राहिलं, म्हणून कोणी तक्रार करत नाही. तक्रार आहे ती वगाची.

या मापाने बाकीच्यांचीही सुपारी तपासता येते. ‘असॅसिन्स क्रीड’ घ्या. पहिला २००७ला, दुसरा २००९ला आणि त्यानंतर २०१५पर्यंत दरवर्षी न चुकता. २०१४मध्ये तर एकाच दिवशी दोन. त्यातला ‘युनिटी’ इतका घाईत आला, की काही पात्रांना चेहराच नव्हता. हवेत दोन डोळे, खाली दातांची कवळी, वरती केस आणि ही मंडळी फ्रेंच राज्यक्रांतीवर गंभीरपणे बोलतायत! आमच्याकडच्या सोंगाड्याला उशीर झाला तर तो एका गालाचा रंग विसरतो, पण गाल तरी घेऊन येतो. यूबीसॉफ्ट या त्याच्या कंपनीने माफी मागितली, त्याच गेमची पुरवणी फुकट दिली, २०१६ला चक्क सुट्टी घेतली आणि २०१७ला इजिप्तचा नवाकोरा वग घेऊन आली. लोकांनी डोक्यावर घेतला.

कुस्तीच्या गेमची हकिकत तर हगाम्यात सांगण्यासारखी. ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२०’ हा गेम २०१९च्या ऑक्टोबरात आला तेव्हाच पैलवानांचे हातपाय एकमेकांत अडकत होते. नावात वीस-वीस. पण १ जानेवारी २०२० उजाडली आणि गेम सुरू होईना! तारीख मागे करून २०१९ केली, की पुन्हा चालायचा. ज्या वर्षाचं नाव लावलं त्या वर्षाचा पहिला दिवसही न काढता चितपट झालेला असा पैलवान आमच्या आखाड्याने पाहिलेला नाही. कंपनीने पुढचं साल सोडून दिलं, तालमीत गेली आणि २०२२ला परत आली तेव्हा निदान लंगोट नीट बांधलेला होता.

‘गिटार हीरो’ला मात्र तालमीत जायला वेळ मिळाला नाही. २००५ला प्लॅस्टिकची गिटार घेऊन आला, अमेरिकेतल्या घराघरात वाजला, आणि मग मालकाला हाव सुटली. २००९ या एका वर्षात त्याचे नि त्याच्या भावंडांचे अर्धा डझन गेम निघाले. २०११च्या फेब्रुवारीत अ‍ॅक्टिव्हिजनने तो विभागच गुंडाळला. एका साली एकाच गावात सहा यात्रा भरवल्या, तर सातव्या महिन्यात देवसुद्धा मंदिराला कुलूप लावून मामाच्या गावाला जाईल.

मग ‘कॉल ऑफ ड्यूटी’चं काय? २००५पासून तो दरवर्षी येतोय आणि बहुतेक वर्षी अमेरिकेच्या खपाच्या यादीत वरच बसतोय. त्याचं गुपित असं, की एकाच फडाला सहसा दरवर्षी नाचवत नाहीत. तीन स्टुडिओ आळीपाळीने करतात. एकाचा चालू असतो तेव्हा दुसऱ्याचा वग लिहून चाललेला असतो. तरीही काही सालांचे वग शिळे निघालेच. पण प्रेक्षक उठून गेले नाहीत. मी पुतण्याला विचारलं, “तुम्हीच शिव्या देता आणि तुम्हीच विकत घेता, हे काय?”

“काका, सगळे मित्र नव्यावर जातात. जुन्यात मी एकटाच काय करू?”

याला उत्तर नव्हतं. गावातले सगळे तमाशाला गेले असताना एकट्याने घरी बसून ज्ञानेश्वरी वाचणारा माणूस मोठा असतो हे खरं, पण सकाळी हजेऱ्यांच्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही.

आणि गेम घ्यायचा ठरला तरी तो आमच्या गावात येणं सोपं नाही. एफसी हा शंभर जीबीचा ऐवज. मोबाइलवर दिवसाला दीड जीबी मिळतो, म्हणजे दोन महिने कुणी व्हॉट्सअ‍ॅपही उघडायचं नाही. त्यामुळे हार्ड डिस्क पुण्याच्या मित्राकडे जाते आणि गेम एसटीने येतो. सुप्याला उतरून, तिथून जीपने. घरी येऊन, बसवून, पहिला सामना सुरू होईपर्यंत दिवाळी उलटते. तोपर्यंत एम्बापे अजून तिथेच आहे ना, याची मीच काळजी करायला लागतो.

या दरवर्षीच्या कटकटीवर उपाय म्हणून कोरियाच्या क्राफ्टनने नवीच युक्ती काढली. पुढचा भाग काढायचाच नाही. गेम एकच, बीजीएमआय, आणि त्यात थोड्या थोड्या महिन्यांनी नवा ‘रॉयल पास’. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने पबजी बंद केला, जुलै २०२१मध्ये तोच बीजीएमआय या नावाने आला, जुलै २०२२मध्ये पुन्हा गेला, मे २०२३मध्ये पुन्हा आला. पुढचा भाग नसताना इतक्या वेळा पुनरागमन केलेला गेम दुसरा नसेल. यात वार्षिक वर्गणी नाही म्हणून दादा खूश आहेत. दर दोन महिन्यांनी थोडं थोडं दूध जातंय, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही आणि मी सांगणार नाही, कारण ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो.

यात्रा कमिटीलाही हल्ली हा रोग जडतोय. तरण्या पोरांनी पत्रिकेत दरवर्षी ‘यंदा प्रथमच’ छापायला सुरुवात केलीय. यंदा प्रथमच लेझर शो, यंदा प्रथमच डीजे. म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, “तमाशा आहे ना?” आहे म्हटल्यावर त्यांनी वर्गणी दिली. त्यांची लेझर शोला हरकत नाही. लेझर शो हाच वग म्हणून खपवू नका, एवढंच.

आता उरला ‘जीटीए’. पाचवा भाग २०१३च्या सप्टेंबरात आला तेव्हा पुतण्या पहिलीत होता. आता त्याला मिशा फुटल्या, तरी सहाव्याची वाट बघणं चालूच आहे. २०२३च्या डिसेंबरात पहिली झलक दाखवली, तेव्हा आमच्या घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. मग तारीख २०२५वरून २०२६च्या मेवर गेली, मेवरून नोव्हेंबरवर. दरवर्षी येणाऱ्या गेमला शिव्या घालणारी हीच पोरं, न येणाऱ्या गेमसाठी नवस बोलायच्या बेताला आली आहेत.

तारीख पुढे गेल्याची बातमी पुतण्याने पडक्या चेहऱ्याने सांगितली, तेव्हा दादा धार काढत होते. त्यांनी सगळं नीट समजून घेतलं. पाचव्या भागाचं साल कोणतं, सहाव्याचं कोणतं, मधे किती वर्षं गेली. मनातल्या मनात लिटर मोजले. एका फुटबॉलच्या पैशात हा गेम दहा-बारा वर्षं चालतो, हा हिशेब लागल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की दुधाला दरवाढ जाहीर झालीय असं वाटावं.

“हा गेम घे तू,” दादा म्हणाले. “पैसे मी देतो. आन् त्या कंपनीवाल्यांना कळव, म्हणावं, सावकाश करा. आमची काही घाई नाही.”